पंखा वाजतोय

राघोच्या गॅरेजला पाटी नाही. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माझ्या बॅटरीच्या दुकानाला लागून पत्र्याची एक शेड आहे. शेडच्या तोंडाशी तेलानं काळी झालेली जमीन आहे आणि बहुतेक वेळा एखाद्या जीपखालून बाहेर आलेले दोन पाय असतात. ते राघोचे. गाडीचं दुखणं सांगायचं असेल तर त्या पायांशी बोलायचं. पाय हलले की समजायचं, ऐकलं.

अलीकडे मात्र तो पायांवर भागवत नाही. बाहेर येतो, बॉनेट उघडतो आणि ड्रायव्हरला म्हणतो, हात ठेवून दाखव. बेल्ट ओरडतोय म्हणालास ना, मग कुठला बेल्ट, बोट ठेव. गरम भागावर बोट ठेवायला सांगतो म्हणून गिऱ्हाइकं वैतागतात आणि वैताग माझ्याकडे येऊन काढतात. मी काय त्याचा मॅनेजर आहे? पण ही सवय त्याला कशी लागली ते मला ठाऊक आहे, म्हणून मी गप्प बसतो.

राघो धसईकडचा. घरची भातशेती. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत शेडला कुलूप लावून गायब होणार, कुणाला काही न सांगता. आमचा शेजार इतक्या वर्षांचा, की त्याच्याशी जेवढी भांडणं झाली तेवढी माझी बायकोशीही झाली नसतील. माझ्या बोर्डावरून वीज घेतो, माझा पाण्याचा ड्रम रिकामा करतो आणि माझ्याच गिऱ्हाइकाला माझ्यासमोर सांगतो, बॅटरी चांगली हाय, बदलू नको. असला माणूस. पण एका कामात त्याच्यासारखा मुरबाड-शहापूर पट्ट्यात दुसरा नाही, आणि ते काम म्हणजे जुन्या इंजिनाची ओळख काढणं.

आमच्याकडे नवी गाडी घेणारे थोडे आणि जुनी उभी करणारे फार. घरात बापाच्या नाहीतर आजोबांच्या वेळची जीप असते, तिचं इंजिन दमलेलं असतं. मग भंगारातून दुसऱ्या गाडीचं इंजिन आणायचं आणि त्यात बसवायचं. पण भंगारातलं इंजिन कधीच एका गाडीचं नसतं. हेड एकाचं, पंप दुसऱ्याचा, खालचा भाग तिसऱ्याचा. वरून रंग मारून भंगारवाला सांगतो, कंपनीतून आल्यासारखं आहे. ते उघडून कुठला भाग मूळचा, कुठला उसना, कुठला कामाचा आणि कुठला मेलेला, हे सांगायला राघो लागतो.

त्याची रीत ठरलेली. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचं फ्लेक्स उलटं अंथरायचं, म्हणजे चेहऱ्यांवर तेल सांडत नाही. एकेक भाग डिझेलमध्ये धुवायचा, नखानं चाचपायचा, उजेडाकडे धरायचा आणि उघडला त्या क्रमानं मांडायचा. मांडताना पुटपुटतो, 'कोनाचा रे तू?' गावात अनोळखी पोराला म्हातारी माणसं विचारतात तसं. शेवटचा भाग जमिनीवर आल्याशिवाय इंजिनाबद्दल एक अक्षर बोलत नाही. तोवर त्याला चहा विचारला तरी उत्तर मिळत नाही.

गेल्या वर्षी भातकापणी उरकल्यावर रितेश नावाचा एक जण टेम्पोत इंजिन घालून आला. शहापूरकडचा, गोदामात नोकरीला. आजोबांची जीप गोठ्यात पडून होती, ती कमी खर्चात उभी करायची होती आणि तीही टर्बोवाली, कारण मोबाईलवर त्यानं बघितलं होतं की टर्बो लावला की जीप घाट खेळत खेळत चढते. शहापूरच्या बाजूच्याच एका भंगारवाल्यानं त्याला चालू इंजिन म्हणून हे दिलं होतं. मी इंजिनामागच्या जड चाकाला, फ्लायव्हीलला, हात लावून फिरवून पाहिलं, हलेना. विचारलं, याला चालू म्हणतात? तर म्हणाला, पडून पडून जाम झालंय, डिझेल ओतलं की सुटेल असं सांगितलंय. मी म्हणालो, मीसुद्धा पडून पडूनच जाम झालोय, माझ्यावरही ओतून बघ. तो बिचारा हसला. स्वभावानं चांगला होता.

राघोनं फ्लेक्स अंथरलं आणि कामाला लागला. रितेश शेजारी उकिडवा बसून मोबाईलवरचं आठवून नावं सांगत होता आणि राघो मान हलवत होता. तासभर सगळं नेहमीसारखं चाललं. मग त्यानं डायनमो सोडवला आणि ज्या पट्टीवर तो बसतो ती पट्टी हातात घेतली. कंपनीची नव्हती. जाड लोखंडाचा, किंचित बाक असलेला तुकडा, त्याला पाडलेली दोन भोकं. राघोनं ती धुतली, उलटी केली, आणि 'कोनाचा रे तू' काही म्हणाला नाही. पट्टी हातात धरून तसाच बसला.

मी पट्टी ओळखली नाही, पण तिचं लोखंड ओळखलं. बैलगाडीच्या चाकाला बाहेरून जी लोखंडी पट्टी चढवतात तिला धाव म्हणतात. राघोनं एका वर्षी म्हसा गावच्या जत्रेत मोडक्या चाकाची धाव विकत घेतली होती. बैलांच्या बाजारात जाऊन लोक बैल आणतात, याने हे आणलं, म्हणून मी त्याला महिनाभर चिडवलं होतं. बाजारच्या लोखंडात तसा कस राहिलेला नाही, असं त्याचं म्हणणं. त्या धावेचा पहिलाच तुकडा त्यानं एका जीपला लावला होता, आणि ती जीप उलटल्यावर उरलेली धाव शेडमागे टाकून दिली होती. दुसऱ्या कुठल्या गाडीला ती लावलीच नाही.

'दामूची हाय,' राघो मला म्हणाला.

दामू विशे वैशाखऱ्याचा. मुरबाड ते वैशाखरे प्रवासी जीप चालवायचा. मोठ्यानं बोलणारा, उधार चहा पिणारा, बायकांना आधी बसवून पुरुषांना मागे लटकवणारा. तरुणपणी दारू पीत असे आणि ते सगळ्या लाइनला माहीत होतं. मुलगी झाली तेव्हा सोडली, हे मात्र फार थोड्यांनी लक्षात ठेवलं. राघोची आणि त्याची गट्टी होती. दोघं एका ताटात जेवलेले मी पाहिले आहेत.

काही वर्षांपूर्वी वैशाखऱ्यात लग्न होतं. आमच्याकडची हळद म्हणजे रात्रभर नाच आणि मटण आणि बाकीचंही सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी दामू हळदीच्या पाहुण्यांना सोडायला घाटाच्या बाजूला निघाला. गावातलीही काही माणसं होती. चढ संपता संपता इंजिन एकदम किंचाळायला लागलं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट निघाला. माणसं ओरडली, हळू घे, हळू घे. दामू सीटवरून अर्धा उठून, अंगाचा सगळा भार देऊन पाय दाबत होता. सगळ्यांनी पाहिलं. वळणावर मोरीचा कठडा तोडून जीप नाल्यात उलटली. कुणाचा हात, कुणाची बरगडी मोडली. पुढे बसलेल्या आदेशचा पाय कायमचा अधू झाला. दामू शुद्धीवर आलाच नाही. दोन-तीन दिवसांनी दवाखान्यातच गेला.

रात्रीची उतरली नव्हती, असं लोक म्हणाले. हळदीतून निघालेला ड्रायव्हर, जुना पिणारा, आणि उभं राहून ॲक्सिलेटर दाबतोय. आणखी काय पुरावा पाहिजे? त्याची बायको भागीरथी सांगत राहिली की त्यानं थेंब घेतला नव्हता, रात्री तो घरी मुलीजवळ झोपला होता. आता बायको दुसरं काय सांगणार, असं म्हणून लोकांनी ते सोडून दिलं.

दहाव्याला नदीवर राघो गेला होता, मीही होतो. तिथं कुणीतरी राघोला विचारलं, गाडीत काही बिघाड होता का. राघो म्हणाला, 'गाडी माज्याकडनं ठीक होऊन गेली व्हती.' तो खोटं बोलला नाही. अपघाताच्या आधी आठवडाभरात दामू गाडी दाखवून गेला होता आणि राघोनं ती ठीक करून दिली होती. पण त्या एका वाक्यानंतर विचारण्यासारखं काही उरलं नाही. गाडी ठीक, म्हणजे माणूस चुकला. राघोचा शब्द म्हणजे आमच्या लाइनवर पंचनाम्याच्या वरचा.

त्याची किंमत भागीरथीनं दिली. ती धवलारीण होती. लग्नात हळदीपासून लग्न लागेपर्यंत धवले म्हणणारी. वैशाखऱ्याच्या आसपासच्या गावांत तिच्या आवाजाशिवाय हळद लागत नसे. नवरा गेला म्हणून आमच्याकडे धवलारणीचा मान जात नाही, विधवा बायाही धवले म्हणतात. पण हिला कुणी बोलावलं नाही. ज्या हळदीतून हिचा नवरा पिऊन निघाला आणि माणसं मोडली, त्या हळदीला हिचं तोंड नको, असं ठरलं. कुणी ठरवलं ते कुणी सांगत नाही, पण ठरलं. मुलगी मनस्वी शाळेत होती, तिला पोरं दारुड्याची म्हणायची. आता ती मुरबाडला कारखान्यात कामाला जाते. माझ्या दुकानासमोर जीपमधून उतरते आणि राघोच्या शेडकडे कधी बघत नाही.

तर त्या दामूचं इंजिन फ्लेक्सवर पडलं होतं. उलटलेली जीप कुणी उघडून बघत नाही, ती भंगारात जाते आणि फिरत फिरत कुठे पोचते कुणास ठाऊक. मला वाटलं, राघो आता उठेल आणि रितेशला म्हणेल, ने बाबा हे. पण तो उठला नाही. पुढचा भाग सोडवायला लागला. हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होते.

टर्बो बाहेर आला. इथं मला थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना दोन छोटे पंखे. इंजिनाचा धूर बाहेर पडताना एक पंखा फिरवतो, त्याबरोबर दुसरा फिरतो आणि इंजिनाला जास्तीची हवा पुरवतो. मधल्या दांड्याला तेल लागतं. आमच्या लाइनवर पहिल्यांदा टर्बोवाल्या जीप आल्या तेव्हा ड्रायव्हर बिचकले होते. राघोनं माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यांना समजावलं होतं. टर्बो-बिर्बो काय घेऊन बसलात, तो म्हणाला होता, धुरावर फिरणारा पंखा हाय तो, चुलीला फुंकणी मारल्यासारखं इंजिनाला फुंकतो. तेव्हापासून या लाइनवरचा कुणी ड्रायव्हर टर्बो म्हणेना. सगळे पंखाच म्हणायचे. रेडिएटरमागचा मोठा पंखा तोही पंखा आणि हाही पंखा.

राघोनं दांडा बोटानं हलवला. जिथं जेमतेम हलायला पाहिजे तिथं तो लडबडत होता. पंख्याची पाती कडेनं खाल्लेली, बाहेरच्या घरावर घासल्याच्या गोल रेघा. हवेच्या नळीत बोट घातलं तर घट्ट झालेलं काळं तेल निघालं. त्या नळीत फक्त हवा असायला पाहिजे. मग त्यानं क्लच उघडला. प्लेट जळून खिळ्यांपर्यंत गेली होती, आणि ती ज्याच्यावर घासते ते मागचं फ्लायव्हील, एवढं जाड लोखंड, तापून निळं पडलं होतं. राघोनं ते सगळे भाग बाजूला ठेवले आणि हात पुसले.

'शेट,' तो मला म्हणाला, 'दामू शेवटचा आला व्हता तवा काय बोलला व्हता?'

मला आठवत होतं. दामू माझ्याकडे मोबाईल चार्जिंगला लावून बसला होता आणि तिथूनच ओरडून त्यानं राघोच्या पायांना सांगितलं होतं. मी म्हणालो, 'चढाला पंखा वाजतोय, म्हणाला.'

'आन मी काय केलं?'

'पंख्याचा पट्टा बदललास.'

राघोनं मान हलवली. मी उठून त्याच्याजवळ गेलो, कारण त्याचा चेहरा मला बरा दिसेना. त्यानं मला हळूहळू सांगितलं आणि शेजारी बसून रितेशही ऐकत होता. रेडिएटरचा पंखा नुसत्या चढाला कशाला वाजेल? चढाला जोर लागतो तेव्हा टर्बो ओरडतो. दामू त्या पंख्याबद्दल बोलत होता. ज्यानं त्याला तो शब्द शिकवला तोच तो शब्द विसरला. दांडा झिजला, तेल हवेच्या नळीत गळत राहिलं, आणि त्या सकाळी भरल्या गाडीनं चढ चढताना इंजिन ते तेल ओढायला लागलं. मग डिझेल बंद केलं तरी काय, चावी काढली तरी काय. आपल्याच तेलावर ते पळत राहतं, तेल संपेपर्यंत.

'मग तो पाय कशावर दाबत होता?' मी विचारलं.

राघोनं फ्लायव्हीलकडे बोट केलं. गाडी गियरमध्ये ठेवून ब्रेक दाबायचा, म्हणजे इंजिन दबून बंद पडतं, हा एकच उपाय आहे असं तो म्हणाला. दामूनं तोच केला. क्लच जळेपर्यंत केला. क्लच गेला, तापून तापून ब्रेकही गेले, मग वळण आलं. 'ॲक्सिलेटरवर उभा असता तर हे लोखंड असं निळं नसतं पडलं,' राघो म्हणाला आणि रडायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिला नव्हता. मी माझ्या ड्रममध्ये पाणी आहे का ते बघायला गेलो.

रितेशनं जे केलं ते त्याच्या वयाच्या मानानं शहाणपणाचं होतं. त्याला इंजिनाचा निकाल मिळाला होता. ब्लॉक, हेड आणि पंप कामाचे, खालची बेअरिंगं जळून चिकटलेली, बाकी गेलेलं. राघोनं पट्टी, टर्बो, नळी, क्लच प्लेट आणि फ्लायव्हील मागितलं, तर म्हणाला, घ्या काका. आणि स्वतःच गोणीत भरून दिलं.

तो गेल्यावर मी राघोला माझं मत दिलं. गप्प बस. हे इंजिन कुणाचं ते तुला आणि मला माहीत. दामू परत येत नाही. लाइनवरचे ड्रायव्हर तुझ्या हातावर विश्वास टाकून माणसं भरून नेतात, त्यांना कळलं की तू पंखा ऐकलास आणि पट्टा बदललास, तर उद्या शेडसमोर कुत्रं उभं राहणार नाही. पन्नाशी उलटल्यावर तू दुसरं काय करणार आहेस? मला त्याची काळजी होती म्हणून मी बोललो, आणि तेव्हा जे वाटलं त्यात मला आजही काही चूक दिसत नाही. राघोनं सगळं ऐकलं. मग म्हणाला, 'नाय शेट. मी तवा नदीवर बोललो नसतो तर निदान संशय तरी राह्यला असता.'

रविवारी मनस्वीला सुट्टी असते म्हणून तो रविवारी निघाला. गोणी जड होती, माझी गाडी मागितली, मग मीच चालवायला बसलो. गावापुढच्या त्या मोरीकडे गाडी न्यायला त्यानं सांगितलं नाही. नवा कठडा बांधलाय तिथं.

भागीरथी अंगणात वाल निवडत बसली होती. राघोला बघून ती उठली नाही, या म्हणाली नाही. मनस्वी दारात येऊन उभी राहिली. राघोनं गोणी सोडली आणि एकेक भाग सारवलेल्या अंगणात मांडला, शेडमध्ये मांडतो तसाच. धावेची पट्टी आधी ठेवली, म्हणजे हे दामूचंच हे तिला पटावं. मग सगळं सांगितलं. दामू पंखा म्हणाला तो कुठला आणि आपण समजलो तो कुठला, यात त्यानं स्वतःला कुठंही वाचवलं नाही. मी मध्ये तोंड घालून म्हणालो, शब्द एकच आहे, कुणाचीही गफलत झाली असती. भागीरथीनं माझ्याकडे असं बघितलं की मी गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. तिथूनही ऐकू येत होतं.

तिनं एकच गोष्ट विचारली. शेवटी तो काय करत होता. राघोनं फ्लायव्हील तिच्यासमोर सरकवलं आणि ब्रेकचं सांगितलं. ती बराच वेळ त्या निळ्या डागावर तळवा ठेवून बसली. मनस्वी आत निघून गेली आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज येत राहिला.

'चुकलो गो वयनी,' राघो म्हणाला.

'मला कशाला सांगतोस?' भागीरथी म्हणाली. 'तो पिला नव्हता हे मला म्हायती व्हतं. ज्यांच्यासमोर गाडी ठीक म्हनालास, त्यांच्यासमोर बोल.'

त्याच दिवशी संध्याकाळी देवळाच्या मांडवात गावकी बसणार होती, जत्रेला जायच्या गाड्यांचं ठरवायला. भागीरथीला ते माहीत होतं. राघो तोवर तिच्या अंगणाबाहेर बांधावर बसून राहिला. तिनं पाणी विचारलं नाही, त्यानं मागितलं नाही. मी मात्र शेजारच्या घरी मागून प्यायलो.

मांडवात पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. राघोनं मधोमध गोणी उपडी केली. आधी लोकांना वाटलं काही विकायला आणलंय. मग त्यानं बोलायला सुरुवात केली. त्याला बोलता येत नाही. मध्येच थांबायचा, एखादा भाग उचलून दाखवायचा, पुन्हा तेच सांगायचा. पण एक वाक्य त्यानं नीट सांगितलं आणि ते सगळ्यांना कळलं.

'दामू पिला नव्हता. इंजान पिलं व्हतं, आपलंच तेल. आन ते मला त्यानं आठवडाभर आधी सांगतलं व्हतं.'

एक जण उठून म्हणाला, म्हणजे माझ्या बहिणीचा हात तुझ्यामुळं मोडला. राघो म्हणाला, हो. दुसरा कुणी म्हणाला, एवढ्या वर्षांनी हे उकरून काय मिळवलंस, आता झालं ते झालं. मला वाटलं आता हातघाईवर येतंय, मी पुढे सरकलो. पण तेवढ्यात आदेश काठीवर भार देऊन उठला. तो पुढच्या सीटवर होता. त्यानं फ्लायव्हीलकडे बघत सांगितलं की दामू पाय दाबत होता हे मी सगळ्यांना सांगितलं, पण कुठला पाय ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही आठवून पाहिलं नाही. दोन्ही पाय होते. दोन्ही पाय एकाच जागी होते आणि ॲक्सिलेटर त्याच्या उजवीकडे मोकळा होता. एवढं बोलून तो खाली बसला. त्याची आई पदर तोंडाला लावून उठली आणि भागीरथीकडे जायला निघाली. तिच्यामागे आणखी दोघीतिघी उठल्या. कुणीतरी पुरुषांतून म्हणालं, वहिनी, झालं गेलं पोटात घाला, येत्या लग्नसराईत पहिली हळद तुमच्याच धवल्यांनी लागेल.

भागीरथी मांडवाच्या खांबाशी उभी होती. जवळ आलेल्या बायांना तिनं हातानंच थांबवलं. आवाज चढवला नाही. ज्या आवाजानं अख्खी हळद उभी राहायची, तो आवाज तिनं हळूच लावला आणि तरी मागच्या माणसापर्यंत पोचला.

'माजा मानूस पिला नव्हता, हे मी पयल्या दिवसापासनं सांगत व्हते. नदीवर सांगतलं, या मांडवात सांगतलं, तुमच्या एकेकाच्या दारात येऊन सांगतलं. माजं कोनी आयकलं नाय. आज लोखंडाचं आयकलंत.'

आणि ती मनस्वीला घेऊन घरी गेली.